अनारसे, हॉप्स आणि आमचे चिरंजीव

अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले की माझी दिवाळी सुरू होते. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग उपसून दमट असतानाच दळायचे आणि गूळ मिसळून पीठ डब्यात मुरत ठेवायचे. तिसऱ्या दिवशी त्या पाण्याला एक आंबूस वास येतो. माझ्या आईच्या हाताखाली अनारसे शिकले तेव्हापासून तो वास ओळखीचा आहे. पण त्या पातेल्यात नेमके काय चालते, याचा विचार मी सत्तरी गाठेपर्यंत केला नव्हता. तो करायला लावला आमच्या चिरंजिवांनी!

चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडात, केंट परगण्यात असतात. एका रविवारी फोनवर मोठ्या उत्साहाने सांगू लागले, "आई, परसात हॉप्सची वेल लावली आहे. यंदा तिच्या ताज्या फुलांची बिअर घरीच करणार!"

मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

वाचकांना वाटेल, केवढी ही सोवळी बाई! पण त्याला कारण आहे. माझे बालपण घाटकोपरच्या एका चाळीत गेले. १९५० साली मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली, आणि उघडी दारू गेली तशी चोरटी दारू आली. काळा गूळ आणि नवसागर घालून हातभट्टीवर काढलेली. माझे वडील कचेरीत कारकून होते. पगाराच्या दिवशी ते उशिरा घरी येत, आणि आई घरखर्चाचे पैसे अनारशाच्या डब्यात पिठाखाली लपवून ठेवी. मी अकरा वर्षांची असताना वडील गेले. मुलाला मी यातले काही सांगितले नव्हते. 'आजोबा आजारी होते,' एवढेच.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आम्ही दोघे केंटला गेलो, तो नेमका हॉप्सच्या तोडणीचा महिना. एके काळी या दिवसांत लंडनच्या गरीब वस्त्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे, पोराबाळांसकट, केंटच्या मळ्यांत हॉप्स तोडायला जात. तीच त्यांची वर्षाची सुटी. पुढे यंत्रे आली आणि ती जत्रा संपली.

मुलाच्या परसातली वेल दोन पुरुष उंच दोरावर चढली होती. थंडीत ही वेल जमिनीपर्यंत मरते, मूळ तेवढे जिवंत राहते आणि वसंतात पुन्हा झपाट्याने वर येते. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. कामाची ती मादीचीच फुले. हिरव्या पापुद्र्यांचे छोटे छोटे शंकू. एक शंकू मुलाने माझ्या तळहातावर चुरगळला, तर आत पिवळी धमक पूड! लिंबाची साल, ओले गवत आणि किंचित राळ, असा काहीसा वास. बिअरचा कडूपणा आणि सुवास दोन्ही त्या पुडीत. ही वेल भांगेच्या कुळातली, असे ऐकताच मी हात मागे घेतला. सूनबाई हसून म्हणाल्या, "आई, तशी नशा नाही हो हिच्यात!"

ताज्या फुलांत पाचातले जवळजवळ चार भाग पाणीच असते, म्हणून ती टिकत नाहीत. व्यापारी लोक तोडल्याबरोबर भट्टीत वाळवतात. ताजी वापरायची तर सकाळी तोडायची आणि त्याच दिवशी पातेल्यात घालायची, तीही सुक्या फुलांच्या पाच-सहा पट. म्हणजे अशी बिअर वर्षातून एकदाच, तोडणीच्या दिवसांतच व्हायची.

मी खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसले. म्हटले, पाहू तरी हा काय करतो ते! आधी जव. ते भिजवून, मोड आणून, वाळवून, भरडून दुकानात तयार मिळतात. मी म्हटले, "अरे, हे तर आपले नाचणीचे सत्त्व!" लहानपणी याला मी मोड आलेल्या नाचणीचीच पेज भरवली होती. मोड आले की दाण्यात पिष्टाची साखर करणारे पाचक रस तयार होतात. तो भरडा सुमारे ६५ ते ६७ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवायचा. पाणी याहून कढत झाले तर ते रस मरतात. तासाने त्याने मला चमचाभर पाणी चाखायला दिले. साखरेचा कणही न घालता गोड!

मग ते गाळून तासभर उकळायचे. थोडी फुले आरंभी घालायची, ती कडूपणासाठी; उरलेली अगदी शेवटी, कारण सुवास उकळीबरोबर उडून जातो. फोडणीचा हिंग आणि वरून घालायची कोथिंबीर यांत जो फरक, तोच इथे. हॉप्सचा आणखी एक गुण म्हणजे बिअर नासवणाऱ्या कित्येक जंतूंना तो आवरून धरतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून गलबतांतून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी येणाऱ्या बिअरमध्ये म्हणूनच हॉप्स मुबलक घालत. तिचे नावच पुढे 'इंडिया पेल एल' पडले.

शेवटी निववून यीस्ट घालायचे. हे सूक्ष्म जीव साखर खातात आणि तिचा अल्कोहोल आणि वायू करतात. आंबणे हे जिवंत सूक्ष्म जीवांचे काम आहे, हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात दाखवले. १८७६ साली त्याने बिअरवर सबंध ग्रंथच लिहिला. त्याआधी हजारो वर्षे माणसे आंबवीत होती, पण कोण आंबवते हे ठाऊक नव्हते. इडली करणाऱ्या माझ्यासारखीच!

या कामात घाई चालत नाही. पहिल्या खेपेस मुलाने आंबणे पुरते होण्याआधीच बाटल्या भरल्या. आत वायू कोंडला आणि मध्यरात्री कपाटातल्या तीन बाटल्या फुटल्या. सूनबाईंना वाटले, चोर शिरले!

हसता हसता मी गंभीर झाले. विचारले, "हे सगळे ठीक. पण तू पितोस किती?"

तो उठला आणि एक वही घेऊन आला. वीस लिटर बिअर, अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या. कोणती बाटली कधी उघडली, कोणाला दिली, सगळे तारीखवार. निम्म्याहून अधिक मित्रांना आणि शेजाऱ्यांना गेलेल्या.

"एवढा हिशेब कशाला रे?" मी म्हटले.

"आई, आजोबांचं मला ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "मावशीनं सांगितलं. म्हणूनच लिहून ठेवतो. वहीत लिहायला लाज वाटेल त्या दिवशी हे सगळं बंद."

मी काही बोलू शकले नाही. जे मी इतकी वर्षे पिठाखाली लपवले, ते त्याने उघड्या वहीत मांडून ठेवले होते.

गेल्या दिवाळीत ती दोघे बोरिवलीला आली. गच्ची पाहून चिरंजिवांना कल्पना सुचली. "आई, इथे हॉप्स लावू या का? घरची फुलं, घरची बिअर!"

मी म्हटले, "बाळा, दोन अडचणी आहेत. एक सूर्याची आणि एक सरकारची." या वेलीला कडक हिवाळ्याची विश्रांती लागते आणि वाढायला उन्हाळ्याचे लांब दिवस. केंटचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा, मुंबईचा जेमतेम सव्वातेरा. आपल्याकडे वेल जगली तरी खुरटेल आणि फुले धड येणार नाहीत. आपल्या देशात हॉप्स पिकले ते हिमाचलातल्या लाहौलच्या थंड खोऱ्यात. दुसरे म्हणजे, इंग्लंडात घरगुती बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही; विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून लागू आहे, आणि परवान्याशिवाय घरी दारू करणे हा गुन्हा आहे. शिवाय मालाडची मालवणी आमच्यापासून कितीशी दूर? जून २०१५ मध्ये तिथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या दारूत मिथेनॉल होते. ते विष यीस्टने नव्हे, माणसाने घातलेले. पण ज्या घरांतले कर्ते पुरुष गेले, त्या घरांना हा फरक सांगून काय उपयोग?

त्याचा चेहरा उतरला. मग मी त्याला आणि सूनबाईंना होडीने खाडीपलीकडे गोराईला नेले. तिथे माझ्या ओळखीच्या एक ईस्ट इंडियन आजीबाई राहतात. त्यांनी आम्हाला सांदणे खाऊ घातली. आपली फणसाची सांदणे नव्हेत. तांदूळ आणि नारळाची, वाफवलेली, पांढरी शुभ्र, जाळीदार. पूर्वी हे पीठ ताडीने फुगवीत. पहाटे माडावरून उतरवलेला गोड रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावला तर ती गोड राहते, नाही तर उन्हे चढेपर्यंत आपोआप आंबून तिची ताडी होते. हवेतले आणि मडक्यातले यीस्टच ते काम करते.

"हल्ली माडावर चढणारा माणूसच मिळत नाही," आजीबाई म्हणाल्या. "मी आता बाजारचं यीस्ट घालते. पण ती चव नाही येत, बाय."

चिरंजीव हातातले सांदण उलटून त्याची जाळी न्याहाळत बसले. "हॉप्ससारखंच आहे हे, आई," ते म्हणाले. "ताजं असेल त्याच दिवशी वापरायचं." परतताना होडीत त्यांनी गच्चीवरच्या वेलीचा विषय काढला नाही.

घरी आल्यावर मी अनारशाच्या पिठाचा डबा उघडला. आईचाच डबा तो. मुलगा वाकून वास घेत म्हणाला, "आई, हे पण आंबलंय!"

"आंबलंय नाही, मुरलंय," मी म्हटले आणि त्याच्यापुढे खसखशीची ताटली सरकवली. "थाप आता. अन् सगळे नीट झाले, तर तुझ्या वहीत तेही लिही."

त्याचा पहिला अनारसा तुपात विरघळला. दुसऱ्याला मात्र सुरेख जाळी पडली.