शिक्का लावण्याचा परवाना

ऑनलाइन दुकानाच्या पानावर खाली कोपऱ्यात ‘सुरक्षित’ किंवा ‘तपासलेले’ असं सांगणारं छोटं चिन्ह असतं. ते दुकानदाराचं नसतं. तपासणी करणाऱ्या संस्थेच्या मालकीचं ते बोधचिन्ह असतं आणि फी भरून, करार करून दुकानदाराला ते लावण्याची परवानगी मिळते. करार संपला की चिन्ह उतरवायचं.

म्हणजे ज्याची तपासणी करायची, तोच तपासणाऱ्याचं गिऱ्हाईक. खरी मेख इथेच आहे.

अमेरिकेतल्या ‘ट्रस्ट-ई’च्या बाबतीत ती उघड झाली. संकेतस्थळं लोकांची खासगी माहिती नीट हाताळतात का, हे पाहून ही संस्था १९९७ पासून शिक्का देत असे. २००६ मध्ये संशोधक बेंजामिन एडलमन यांनी पडताळणी केली, तेव्हा शिक्का असलेली संकेतस्थळं बेभरवशाची निघण्याचं प्रमाण शिक्का नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. हे धक्कादायक असलं तरी अनाकलनीय नाही. ज्याचं नाव आधीच चांगलं आहे त्याला शिक्क्याची निकड कमी. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तो पैसे मोजायला तयार असतो. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या नियामक संस्थेने ‘ट्रस्ट-ई’वर ठपका ठेवला की, दरवर्षी फेरतपासणीचं आश्वासन देऊनही हजाराहून अधिक वेळा ती झालीच नव्हती. दोन लाख डॉलर भरून प्रकरण मिटलं. त्याआधी २०१० मध्ये ‘कंट्रोलस्कॅन’ या अशाच शिक्के देणाऱ्या कंपनीवर कारवाई झाली होती. तिच्या शिक्क्यावर रोज ताजी तारीख झळकायची, तपासणी मात्र रोज होत नसे. ग्राहकाची ही सरळ फसवणूकच होती.

भारतात १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने अशा, म्हणजे प्रमाणन चिन्हांसाठी वेगळे नियम केले आहेत. जो स्वतः त्या मालाचा व्यापार करतो, त्याच्या नावावर असं चिन्ह नोंदवता येत नाही.

तरी फीचा प्रश्न उरतो. आयएसआय चिन्हासाठीही कारखानदार भारतीय मानक ब्युरोला (बीआयएस) शुल्क देतोच. पण बीआयएस बाजारातून नमुने घेऊन तपासते आणि परवान्याविना चिन्ह छापणं हा गुन्हा आहे. शिवाय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवान्याचा. हेल्मेट किंवा प्रेशर कुकर घेताना हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, तर परवाना कुणाचा आणि तो चालू आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या समजतं. सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडीही तिथेच पडताळता येतो.