मागच्या हाऊसिंगचा श्वास

कळमेश्वरच्या शिवारातून संत्र्याचे क्रेट भरून नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघालेल्या पिकअपच्या मागच्या चाकाला आतून ऑइलचा ओघळ दिसला, की पहिला संशय ऑइल सीलवर जातो. नवं सील बसतं, आणि काही दिवसांनी तोच ओघळ पुन्हा दिसतो. तोवर ऑइल ब्रेकच्या लायनरपर्यंत पोचलं असेल, तर प्रश्न नुसत्या ऑइलचा राहत नाही. अशा वेळी सीलच्या आधी मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगच्या माथ्यावरचं बोराएवढं टोपण, म्हणजे ब्रीदर, तपासायला हवं. काळी माती आणि जुनं ऑइल यांच्या थरात ते बहुधा दिसतही नाही. कोणी वंगणाचा निप्पल समजून त्याला ग्रीस गन लावली असेल तर विचारूच नका.

ब्रीदरचं काम समजायला थोडं गणित पुरतं. हाऊसिंगमधले क्राऊन-पिनियनचे गिअर ऑइलमध्ये फिरतात, भरल्या गाडीत तापतात, आणि ऑइलच्या वरची हवाही तापते. ती 30 अंशांवरून 90 अंशांवर गेली आणि बाहेर पडायला वाट नसली, तर दाब सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दोन मीटर उंच पाण्याच्या भाराइतका. मग सीलची कड दांड्यावर जास्त दाबली जाते, झिजते आणि ऑइल बाहेर येतं. पावसाळ्यात याच्या उलट घडतं, आणि ते जास्त वाईट. खताची पोती घेऊन तापलेली गाडी रपट्यावरच्या पाण्यात उतरली, की हाऊसिंग झटकन गार होतं आणि आतली हवा आकसते. गरम भाजी भरून घट्ट लावलेला डबा गार झाल्यावर उघडता उघडत नाही, तोच हा प्रकार. हवा आत यायला वाट नसेल, तर पूर्ण गार होईपर्यंत दीड मीटरहून उंच पाण्याच्या भाराइतकी ओढ आतून तयार होऊ शकते. गुडघाभर पाण्याचा स्वतःचा भार अर्धा मीटर. सीलची कड मुळात आतलं ऑइल अडवायला घडवलेली. बाहेरून आत ओढलं जाणारं पाणी तिला सहज उचलतं. ऑइल दुधाळ झालं, की बेअरिंग आणि दात्यांना गंज लागायला सुरुवात झालीच.

म्हणून ब्रीदरची निवड करताना खरा प्रश्न हा, की ब्रीदर हवा दोन्ही बाजूंनी जाऊ देतो का, आणि त्याचं तोंड पाण्याच्या वर आहे का. स्प्रिंगचा एकेरी ब्रीदर हवा सोडतो, पण घेत नाही. डांबरी रस्त्यावर तो खपून जातो, रपट्यावर नाही. धापेवाड्याकडच्या किंवा शेतातल्या वाटेवर रोज जाणाऱ्या गाडीला जाड नळीचा ब्रीदर बरा: ऑइलने न फुगणारी, आतून 6 ते 8 मिलिमीटरची रबरी नळी, चासीवरून हौद्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेलेली, टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवलेलं. ॲक्सल खालीवर होतो, तेव्हा नळीला ढील हवी. पण मध्ये झोळ नको, कारण झोळात ऑइल किंवा पाणी साचलं की वाट बंद. सायलेन्सरपासून तर ती लांबच हवी.

कंपनीने दिलं ते चुकीचं का, असं कोणी विचारेल. चुकीचं नाही. कंपनी सगळ्यांसाठी गाडी बनवते, आणि त्यातल्या बहुतेक गाड्या नाल्यात उतरत नाहीत. दुसरी शंका धुळीची, आणि इथल्या उन्हाळ्यात ती रास्तच. पण आत दोन लिटर हवा धरली, तरी एका तापण्या-गार होण्यात जेमतेम दोन पेले हवा ये-जा करते. इंजिनासारखी सतत ओढ नाही. खाली तोंड केलेल्या नळीत त्यामुळे फारशी धूळ चढत नाही. कागदी फिल्टर लावण्याचा मोह मात्र टाळावा, तो भिजला की बूच बनतो. नळीतून ऑइलच वर येत असेल, तर ब्रीदरला बोल लावण्याआधी पातळी पाहावी. भरायच्या भोकाच्या वर ऑइल गेलं की ते फेसाळून वाट शोधतंच.

तपासणीला हत्यार लागत नाही. सर्व्हिसिंगला गाडी वर चढली, की नळी हाऊसिंगकडून सोडून फुंकून पाहायची, आणि टोपणच असेल तर ते बोटाने हलतं का ते बघायचं.