किल्ली फिरवली की 'टिक' वाजतं, ते काय असतं?

गाडीची किल्ली 'ऑन'वर आणा, पण सेल्फ मारू नका. पेट्रोल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत आधी बारीक 'टिक' वाजतं, मग मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घुर्र आवाज येतो आणि थांबतो. हा आवाज टाकीतल्या फ्युएल पंपाचा. त्याला चालू-बंद करतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. गंमत अशी की पंपाचा करंट ईसीयूमधून जातच नाही.

पंपाला काही अँपिअर लागतात, रेडिएटरच्या पंख्याला तर त्याहून बरेच जास्त. एवढा भार ईसीयूच्या नाजूक सर्किटवर टाकायचा नसतो. म्हणून मध्ये रिले बसवतात. साध्या चार पिनांच्या रिलेवर ८५, ८६, ३० आणि ८७ हे आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ मध्ये तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्या एका टोकाला १२ व्होल्ट आधीच आलेले असतात. ईसीयू फक्त दुसरं टोक अर्थ करतो. कॉइलमधून जेमतेम ०.१५-०.२ अँपिअर वाहतो, तिचं लोहचुंबक होतं, ते आतली पट्टी ओढतं आणि ३० व ८७ जोडले जातात. पंपाचा खरा करंट या वाटेने, बॅटरीकडून फ्यूजमधून येतो. 'टिक' म्हणजे ती पट्टी आपटल्याचा आवाज.

मग पंप दोन सेकंदांत थांबतो का? इंजिन फिरतंय की नाही, हे ईसीयूला क्रँकशाफ्ट सेन्सरकडून कळतं. सिग्नल आला नाही, की ईसीयू अर्थ सोडून देतो आणि पंप बंद. अपघातात पेट्रोलची नळी फुटली आणि इंजिन बंद पडलं, तरी असंच होतं. नाहीतर पंप फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओततच राहील.

आणि नेमकी हीच सोय आपल्याकडे गॅरेजमध्ये 'डायरेक्ट' करून घालवली जाते! रिले काढून ३० आणि ८७ मध्ये वायरचा तुकडा खुपसला की गाडी चालू होते, पैसेही वाचतात. पण आता इंजिन बंद पडलं तरी पंप थांबत नाही. बॅटरीपासून नवी वायर थेट ओढली असेल, तर फ्यूजही गेला.

त्याआधी एवढं तपासा. 'टिक' वाजलं म्हणजे रिले चांगलाच, असं समजू नका. कॉइल चालते, पण कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात. टेस्ट लॅम्प ८७ ला लावा. 'टिक' झाल्यावर त्या दोन सेकंदांत दिवा लागला नाही, तर आधी ३० वर करंट येतोय का बघा. तिथे येत असेल तर दोष रिलेतच. ८७ वर दिवा लागूनही पंप गप्प असेल, तर पुढची वायरिंग किंवा पंप बघायचा. 'टिक'च नसेल तर कॉइलचा सप्लाय आणि ईसीयूकडची वायर.

टेस्ट लॅम्प नसेल तर हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघा, मात्र दोन्हींवरचा पार्ट नंबर तोच हवा. काही रिलेंच्या आत डायोड असतो, त्यांना ८५-८६ ची उलटापालट चालत नाही.