प्लास्टरमधील मुलाचा दिवस

मांडीचे हाड मोडलेल्या लहान मुलाला बहुधा ‘स्पायका’ घातला जातो, म्हणजे छातीखालपासून मोडलेल्या पायापर्यंत, पुष्कळदा दुसऱ्या मांडीलाही वेढून, एकसंध प्लास्टर चढवले जाते, आणि ते साधारण ४ ते ८ आठवडे राहते. दुखणे लवकर ओसरते, हालचाल मात्र बंदच राहते, त्यामुळे घरच्यांची खरी कसोटी कंटाळ्याशी असते. एकाच जागी दाब पडून त्वचेला जखम होऊ नये म्हणून मुलाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागतेच. तेव्हा पालथे असताना छातीखाली उशी देऊन चित्रे रंगवणे किंवा मेथी निवडणे, आणि उताणे असताना गोष्टी, भेंड्या किंवा भिंतीवर हातांच्या सावल्यांचे ससे-हरणे, अशी दिवसाची आखणी या बदलावरच बेतावी. मोबाइल शेवटी ठेवलेला बरा. सागरगोटे, चिंचोके, मणी अंथरुणावर नकोतच, कारण प्लास्टरच्या कडेतून आत घसरलेली वस्तू दिसत नाही आणि कातडी सोलवटते. बिस्किटाचा चुराही काही कमी त्रास देत नाही. प्लास्टरमधून दुर्गंधी आली, किंवा पायाची बोटे सुजली वा निळसर पडली, तर मुलाला ताबडतोब अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे.