विश्लेषण : पवनचक्की देशात बनते, मग अडते कुठे?

मार्च २०२५ अखेर देशातील पवन ऊर्जेची क्षमता ५० गिगावॉटवर पोहोचली. २०३० पर्यंत ती १०० गिगावॉटच्या आसपास नेण्याचे लक्ष्य आहे. म्हणजे आजवर तीन-चार दशकांत जेवढे उभे राहिले, तेवढेच पाच वर्षांत उभे करायचे. या मागणीचा लाभ देशी कारखान्यांना होणार की आयातदारांना?

देशात काय बनते?

केंद्र सरकारच्या माहितीनुसार पवनचक्कीचे ७० ते ८० टक्के स्वदेशीकरण झाले आहे. ३ मेगावॉटच्या पवनचक्कीचे एक पाते सुमारे ७० मीटर लांब असते. ते जहाजाने आणून पुढे घाटरस्त्याने नेणे खर्चिक. त्यामुळे पाती आणि मनोरे इथेच बनवणे परवडते. देशाची उत्पादन क्षमता वर्षाला सुमारे १८ गिगावॉट आहे. २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष भर पडली ती चार गिगावॉटहून किंचित अधिक.

मग आयात कशाची?

आकाराने लहान, पण तंत्रज्ञानाने अवघड भागांची. विशेष बेअरिंग, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि काही प्रकारच्या जनरेटरना लागणारे शक्तिशाली चुंबक हे त्यातले मुख्य. या चुंबकांच्या उत्पादनात चीनचा वरचष्मा आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ खनिजे व त्यांपासूनच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हा हे अवलंबित्व उघडे पडले.

नवा नियम काय?

केंद्राने ३१ जुलै २०२५ रोजी नियम बदलले. पाते, मनोरा, गिअरबॉक्स, जनरेटर आणि विशेष बेअरिंग हे पाच भाग आता सरकारच्या मंजूर यादीतूनच घ्यावे लागतील. पवनचक्क्यांचा डेटा भारतातच ठेवण्याचे बंधनही आहे.

वीज महागणार का?

पवन प्रकल्पांच्या लिलावात सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते. स्वस्त आयात थांबून सुटे भाग महागले तर दर वाढतील, आणि तो भार अखेर वीजबिलात उतरेल. उलट, मोठ्या संख्येने उत्पादन झाले तर भाग स्वस्त होऊ शकतात. त्यासाठी कारखान्यांना दरवर्षी खात्रीची मागणी हवी. ती देशात पुरेशी नसेल, तर निर्यात वाढवावी लागेल. पाती, गिअरबॉक्स आजही भारतातून परदेशी जातात. मात्र जागेचा ताबा आणि वीजवाहिन्या रखडल्या, तर पवनचक्क्या तयार असूनही उभ्या राहणार नाहीत. मग यादी कितीही स्वदेशी असली तरी कारखाने रिकामेच राहतील.