रोजकीर्द ते रोजनिशी

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या इंदापूर तालुक्यातल्या जुन्या घराच्या माळ्यावरून आजोबांच्या चोपड्यांचा गठ्ठा खाली आला. तो रद्दीत जाणारच होता; मी सहज एक वही उघडली. ज्वारीची पेरणी, विहिरीचे पाणी, मजुरी, बैलाचे दुखणे, आलागेला पाहुणा. मनातले असे काहीच नाही. बारामतीहून आलेला धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ह्याला काय रोजनिशी म्हणायची?"

रोजनिशी म्हटले की आपल्याला मनातले गुपित आठवते. लंडनच्या सॅम्युअल पेपीसने १६६० ते १६६९ या काळात लघुलिपीत रोजनिशी लिहिली. १६६६च्या आगीत त्याने बागेत खड्डा खणून त्यात दारू आणि चीज पुरून ठेवले, हेही आपल्याला तिच्यातूनच कळते. ॲन फ्रँकने मात्र १९४४मध्ये रेडिओवर ऐकले की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या जमवल्या जातील. तेव्हा तिने आपली वही वाचकांसाठी पुन्हा लिहायला घेतली. महादेवभाई देसाई तर १९१७पासून स्वतःपेक्षा गांधीजींचीच दिनचर्या टिपत राहिले. त्यांचा अंत १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत झाला.

आपल्याकडची जुनी परंपरा वेगळी आहे. ती मनाची नव्हे, कामाची नोंद. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावलीत तिथी आणि घटना एवढेच आहे. लोकमान्य टिळकांनी ती उजेडात आणली आणि तिच्यातल्या फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या एका नोंदीवरून शिवजन्माची तारीख १९ फेब्रुवारी १६३० ठरवता आली. पेशव्यांच्या दफ्तरातली मोडी रोजकीर्द म्हणजे रोजचा जमाखर्च आणि हुकूम. गणेश चिमणाजी वाड यांनी तिच्यातून उतारे निवडले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९००मध्ये त्यांवर निबंध लिहून दाखवले, की बखरींत लढाया भेटतात, रयत भेटते ती या कागदांत.

इंदापूरच्या बाबतीत हे फार खरे आहे. इंग्रजी अमलात प्रिंगलच्या चढ्या आकारणीने इथली शेतकरी कुटुंबे मोडली, जमिनी पडीक राहिल्या. मग १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इथेच नवी, हलकी आकारणी बसवली. पुढे १८८५मध्ये नीरा डावा कालवा आला आणि बारामतीकडे बागायत फुलली. सरकारी दप्तरात दर आणि एकर मिळतात. ज्याच्या शिवारापर्यंत पाटाचे पाणी पोचलेच नाही, त्याचे वर्ष कसे गेले, हे त्याच्याच वहीत सापडायचे.

म्हणून मी १९७२ची वही काढली. श्रावणातल्या एका पानावर एवढेच: "बैलजोडी विकली. मिळाले ते घेतले." पुढची अकरा पाने कोरी. पणजोबा गेले त्या दिवशीसुद्धा आजोबांनी नोंद चुकवली नव्हती. खर्चासकट लिहिली होती. बाराव्या दिवशी पुन्हा सुरुवात: "खडी फोडायला गेलो."

मी ती पाने भावापुढे धरली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग रद्दीच्या ढिगातून त्याने स्वतःच उरलेल्या वह्या वेचून काढल्या आणि वर्षांप्रमाणे लावल्या. मधली दोन वर्षे मिळाली नाहीत. ती आधीच्या कुठल्या तरी दिवाळीत गेली असावीत.

वाचकहो, यंदा माळा झाडताना जुनी चोपडी हाती आली, तर ती आधी उघडून पाहा. कोरी पानेही मोजा.