श्रावण पाळणाऱ्याला मीटिंग कशाला?

‘श्रावणात थेंबाला शिवत नाही. व्यसन असतं तर महिनाभर राहिलो असतो का?’ ताथवड्यात हा सवाल गावठाणातल्या पारावर ऐकू येतो आणि हायवेलगतच्या टॉवरच्या पार्किंगमध्येही. सवाल बिनतोड वाटतो, पण आहे फसवा. दारूवर अवलंबून असलेली कित्येक माणसं महिनाभर कोरडी राहू शकतात. खरी परीक्षा श्रावण संपल्यावर असते. पहिला पेग पोटात गेल्यावर ‘आज दोनच’ हा शब्द पाळता येतो का? वर्षानुवर्षं येत नसेल, तर श्रावणाचा दाखला कामाचा नाही.

दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग म्हणजे बहुतेक वेळा अल्कोहोलिक्स अनॉनिमस, बोलण्यात ‘एए’. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा सर्जन एकमेकांना भेटले. दोघेही पिण्यापायी बुडालेले. आपल्यासारख्याच दुसऱ्याशी बोललं की आजचा दिवस न पिता निघतो, हे त्यांच्या लक्षात आलं. भारतात एए १९५७पासून आहे.

‘आधी सोडतो, मग जातो’ हा मला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज वाटतो. सभासदत्वाची अट एकच आहे : दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असलीच पाहिजे, असं नाही. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, हजेरीपट नाही. शेवटी पिशवी फिरते. जमलं तर दहा-वीस रुपये टाकावेत, नाही तर पुढे सरकवावी. एखादा न पिणारा उद्योजक देणगी घेऊन आला, तरी ती एए स्वीकारत नाही. खर्च सभासदांनीच भागवायचा, असा नियम आहे.

‘ओळखीचं कोणी दिसलं तर?’ दिसेलही. तोही त्याच कारणाने आलेला असेल. मीटिंगमधलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा दंडक आहे, आणि एए कुणाच्या कंपनीला काही कळवत नाही. तरी धाकधूक वाटत असेल, तर चिंचवड किंवा पुण्यातला गट गाठावा. जवळच्याच मीटिंगला बसलं पाहिजे, असं कुठे लिहिलेलं नाही.

देवाचं नाव निघतं, म्हणून काहीजण बिचकतात. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आपल्याला समजलेला’ ईश्वर. नास्तिक सभासद समोर बसलेल्या गटालाच ती शक्ती मानतात. उलट देहू-आळंदीच्या या मुलखात ‘माळ घातली की सुटते’ ही श्रद्धा मोठी. माळेने सावरलेली माणसं आहेतच. मात्र एकदा घसरल्यावर शरमेने वारीलाच तोंड चुकवणारेही आहेत. मीटिंगमध्ये घसरलेल्याला पुन्हा खुर्ची मिळते.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ‘मनाचा निर्धार करून उद्यापासून एकदम बंद’ हे रोज सकाळपासून पिणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना नसलेली माणसं दिसू लागतात, दिवस-रात्रीचं भान सुटतं. ही तातडीने इस्पितळात नेण्याची अवस्था आहे. मीटिंग यावर औषध नाही. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा, त्यांच्या देखरेखीखाली दारू थांबवावी आणि त्याच्या जोडीला मीटिंगलाही जावं. भिंतीवरच्या जाहिरातीतलं ‘नकळत दारू सोडवा’ हेही तितकंच घातक. डायसल्फिरामसारखी गोळी भाजीत मिसळून दिली आणि वर तो माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

‘नुसतं बोलून काय होणार?’ वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली गेली. एएशी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने ४२ टक्के लोक पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचारांनंतर ३५ टक्के. फरक जादूचा नाही, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी थोडाही नाही.

मीटिंग आणि व्यसनमुक्ती केंद्र यांचीही गल्लत होते. पुण्यातलं मुक्तांगण डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलं. तिथे दाखल होऊन उपचार घेता येतात. एएत दाखल होणं नसतं. केंद्रातून घरी परतल्यावरच्या रिकाम्या संध्याकाळी मीटिंग उपयोगी पडते. घरच्यांसाठी १९५१पासूनचं अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे. नवरा यायला तयार नसला, तरी बायकोने तिथे जायला हरकत नाही.

शोधायचं कसं? एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरानुसार मीटिंगा सापडतात. निघण्याआधी फोन करून वार, वेळ आणि भाषा विचारून घ्यावी, कारण जागा बदलतात. शिफ्ट बदलणाऱ्याने दोन वेगळ्या वेळांचे गट टिपून ठेवावेत. शिफ्ट आडवी आली तर ऑनलाइन मीटिंग असतात. सोबत भाऊ किंवा बायको येणार असेल, तर मीटिंग ‘ओपन’ आहे ना, हे विचारावं. ‘क्लोज्ड’मध्ये फक्त पिण्याचा प्रश्न असलेलेच बसतात. उपचाराची चौकशी करायची असेल, तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ मोफत आहे.

दहा मिनिटं आधी पोचावं. बोलायची पाळी आली, तर ‘आज ऐकायला आलोय’ एवढं पुरतं. लगेच पुढच्या माणसाची पाळी सुरू होते.